आतल्या बाजूची कडी

३ जुलै

प्रिय ताई,

नमस्कार. खरं तर साष्टांग घालायला हवा, पण माझे गुडघे आता तुझ्यावर गेलेत, तेव्हा उभ्यानेच घे. कानाचं मशीन दुरुस्त झालं का? फोनवर तुला ऐकू येत नाही आणि शेजाऱ्यांच्या भीतीने मला ओरडता येत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

तर बातमी अशी, की काल तुझं शेंडेफळ संस्थेचं अध्यक्ष झालं. एकमताने! एकमताने म्हणजे दुसरं कुणी तयारच नव्हतं, पण तेवढं तू लेकासमोर बोलू नकोस. खजिनदारांनी भाषण ठोकलं. त्यात माझ्यापेक्षा तुझंच नाव जास्त. ‘मोठ्या बाईंनी हे मुलींचं घर उभं केलं, धाकट्या बाई ते सांभाळतील.’ मी हसत होते, पण खरं सांगू? जरा टोचलं. साठी उलटली तरी मी आपली धाकटीच.

गेल्या आठवड्यात मात्र आमची पाचावर धारण बसली होती. सातवीतली एक पोर तापात बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली, आणि आतून कडी. रेक्टरबाई हाका मारमारून रडकुंडीला आल्या. शेवटी शेजारच्या गॅरेजमधल्या माणसांनी दार फोडलं. पोर आता ठणठणीत आहे, उगाच जीव टांगणीला लावू नकोस. त्यावरून कालच्या बैठकीत एक ठराव झाला. सुतारकामाचा आहे, तुला वाचून कंटाळा येईल.

तुझी लाडकी वकीलबाई बारावीला आली. अजून तशीच, भाजीतल्या मिठापासून दिवे घालवायच्या वेळेपर्यंत सगळ्यावर उलटतपासणी. आज सकाळी मुलींना एकत्र बसवून मी नवे नियम सांगितले. ‘कुणाला काही म्हणायचंय?’ असं विचारलं तर चक्क तिनेही हात वर केला नाही. खाली बघत बसली. म्हटलं, चला, अध्यक्षांचा धाक म्हणायचा!

तब्येतीला जप. गोळ्या चुकवू नकोस.

तुझीच,
अध्यक्षीणबाई

२८ जुलै

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. अक्षर अजून मोत्यासारखं, आणि प्रश्न अजून सुईसारखे. ‘सुतारकाम कसलं?’ अगं, दारांचं. जुनी दारं, काही ना काही निघतंच. झालं ते काम.

इकडे पावसाने सगळं ओलं. छपराचं पाणी ऑफिसात येतं, तिथे बादली ठेवलीय. खजिनदार बादलीकडे बघून उसासे टाकतात, मी खजिनदारांकडे बघून टाकते. असा कारभार चाललाय.

वकीलबाईने मात्र डोकं उठवलंय. चाचणीत दोन विषयांत नापास. शाळेतल्या बाई सांगतात, पोरगी वर्गात चक्क झोपते. आता रात्रभर जागून दुसरं काय करणार? मोबाइल! मी बोलावून चांगली खरडपट्टी काढली आणि फोन काढून घेतला. एरवी तोंडाचा पट्टा थांबत नाही, पण त्या दिवशी एक शब्द नाही. निमूट फोन टेबलावर ठेवला आणि गेली. मला वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून गप्प आहे.

वर रेक्टरबाईंची तक्रार, की ही रोज रात्री ट्रंक ओढून दाराला लावते, फरशीवर ओरखडे पडलेत, आणि खोलीतल्या दुसऱ्या दोघींची झोपमोड होते. या वयात पोरींच्या डोक्यात काय शिरेल सांगता येत नाही बाई.

मी या वयात कशी होते? पाठ टेकली की घोरायला लागायचे. काकांच्या घरी तू सगळ्यांना सांगायचीस, ‘आमच्या शेंडेफळाला कुणी उचलून नेलं तरी कळायचं नाही.’ आठवतं ना?

बादली भरली वाटतं. उठते.

तुझी,
शेंडेफळ

९ ऑगस्ट

ताई,

आज नमस्कारही घालवत नाही. आधी एवढं वाच: वकीलबाई सुखरूप आहे. आता बाकीचं सांगते, आणि या वेळी काही गाळत नाही.

सुतारकाम म्हणजे कड्या काढायचं काम होतं. बाथरूमच्या आणि खोल्यांच्याही, आतल्या बाजूच्या सगळ्या कड्या. ठराव मीच मांडला. बैठकीत आपले विश्वस्त डॉक्टर म्हणाले होते, ‘बाथरूमचं समजू शकतो, पण खोल्यांच्या कशाला? मोठ्या बाईंना एकदा विचारा. घर बांधलं तेव्हा त्यांनी पहिल्या कड्या स्वतः निवडून आणल्या होत्या.’ मी म्हटलं, ‘ताईला आता कशाला त्रास? निर्णय आपण घ्यायला शिकलं पाहिजे.’ कसं भारदस्त वाटलं मला! खरं हे, की तू नाही म्हणशील हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच विचारलं नाही. अध्यक्ष म्हणून पहिला निर्णय माझा हवा होता, ‘ताईंच्या बहिणीचा’ नको होता. आणि मग तुला दोन-दोन पत्रांत सुतारकाम, सुतारकाम करत बसले. लाज वाटते लिहितानाही.

परवा सकाळी नाश्त्याला वकीलबाई नव्हती. दप्तर नाही, कपड्यांची पिशवी नाही. शाळेत नाही, मैत्रिणींकडे नाही. फोन करावा, तर तिचा फोन माझ्याच कपाटात. तो बघून मला रडूच फुटलं. रेक्टरबाई म्हणाल्या, ‘मामाकडे तर गेली नसेल?’ आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. कुठल्या घरातून तू तिला इथे आणलीस, ते आम्हाला माहीत होतं ना गं! माहीत असून मी काय केलं?

मामाकडे नव्हती. संध्याकाळी सरकारी दवाखान्यातल्या एका नर्सचा फोन आला. बायकांच्या वॉर्डाबाहेर बाकावर एक मुलगी पिशवी उशाला घेऊन झोपलीय, वहीवर तुमच्या संस्थेचा शिक्का आहे. मी रिक्षाने गेले. रस्ताभर काय काय रागवायचं ते ठरवत होते. तिथे पोचल्यावर तोंडातून एवढंच निघालं, ‘का गं, इथे का?’

ती उठून बसली. म्हणाली, ‘इथे वॉर्डाच्या दाराशी बाई असते. रात्रभर बसलेली असते. कुणाला आत सोडत नाही.’

मी बाजूला बसले. विचारलं, ‘मग मी नियम सांगितले त्या दिवशी बोलली का नाहीस? एरवी मिठावरून भांडतेस.’

‘कडी पाहिजे म्हटलं असतं तर कशाला पाहिजे, तेपण सांगावं लागलं असतं. सगळ्यांसमोर.’

ताई, तिच्या गप्प बसण्याला मी माझा धाक समजले, आणि तुला कौतुकाने कळवलंसुद्धा. ती रात्र रात्र ट्रंकेला टेकून बसत होती, आणि मी तिचा फोन काढून घेतला.

मग ती म्हणाली, ‘बाई, तुम्हाला नाही कळायचं. तुम्हाला कधी कडी लागलीच नसेल.’

त्याच बाकावर मला काकांचं घर आठवलं. आई गेल्यावर आपण तिथे राहिलो. जिन्याखालची ती खोली. दाराला कडी नव्हती. आत पलंग एकच, तो तू मला दिलास आणि स्वतः खाली, दाराला पाठ लावून. काकू विचारायच्या तर म्हणायचीस, ‘मला उकडतं, तिथे फरशी गार लागते.’ थंडीतही उकडायचं तुला! मी त्यावर किती हसायचे. ‘ताईला भट्टी लागलीय’ म्हणायचे. आणि एकदा काकांनी दार ढकललं तेव्हा तू मोठ्याने म्हणालीस, ‘काय हवंय?’ मी कूस बदलली आणि पुन्हा झोपले. सकाळी विचारलंही नाही. पुढेही कधी विचारलं नाही. घर बांधताना तू कड्या निवडत होतीस, तेव्हाही मी म्हटलं होतं, ‘एवढा काय विचार करतेस, कडी ती कडी.’

पोरगी बरोबरच बोलली. मला कडी लागली नाही, कारण माझ्या दाराला तू होतीस.

मी तिला म्हटलं, ‘चुकलं माझं. मी राजीनामा देते.’ तर वकीलबाई काय म्हणाली असेल? ‘म्हणजे तुम्हीपण पळणार? आधी कड्या लावा, मग बघू.’ आणि जागची हलेना. ‘आधी खोलीला कडी, मग मी घरात.’ शेवटी ती रात्र मी तिच्या शेजारी बाकावर काढली. काल सकाळी सुताराला बोलावलं. ऑफिसच्या कपाटात सगळ्या कड्या पिशवीत भरून ठेवल्या होत्या, त्याच पुन्हा बसवल्या. बाथरूमला मात्र डॉक्टरांनी सुचवलेल्या, बाहेरून नाणं घालून उघडता येतील अशा. शेवटचा स्क्रू तिने स्वतः पिळला. मग मी सगळ्या मुलींना बसवून ‘नियम माझा चुकला होता’ एवढं सांगितलं. कुणामुळे कळलं ते सांगितलं नाही. फोन परत दिला. विश्वस्तांना काय सांगायचं ते उद्या बघेन. खजिनदार उसासे टाकतील, टाकू देत.

दुपारी ती खोलीत गेली. दार लावलं आणि आतून कडी सरकवल्याचा आवाज आला. मी जेवणाचं ताट घेऊन गेले होते. दार वाजवलं.

‘कोण?’

‘मी.’

‘मी कोण?’

‘धाकट्या बाई.’

मग आतून आवाज आला, ‘आत्ता नको बाई. झोपतेय.’

मी बरं म्हटलं. ताट झाकून खाली ठेवलं आणि तिथेच भिंतीला टेकून बसले. थोड्या वेळाने आतून घोरणं ऐकू आलं, अगदी माझ्यासारखं. मला हसू आलं आणि मग आवरेना इतकं रडू आलं.

ताई, माफी मागायला मी येणारच आहे, तुझ्या लेकाला सांगून ठेव. पण एक गोष्ट तोंडावर विचारायची माझी हिंमत होणार नाही, म्हणून इथे विचारते. त्या घरात मी रोज गाढ झोपायचे. तू कधी झोपायचीस गं?

दाराबाहेरून,
तुझं शेंडेफळ