भरल्या ताटावरून उठलीस त्याबद्दल

हाउन्सलो,
४ सप्टेंबर १९९४

चि. सौ. मंजिरीस आईचे अ. आ.

सुखरूप पोचले. सोमवारपासून परत विमानातल्या जेवणाचे ट्रे भरायला उभी आहे. गुडघे कुरकुरतात, कुरकुरू देत.

आता स्पष्ट विचारते. व्हँकूव्हरला तू मला तिथल्या मूळच्या लोकांच्या लाकडी घरात नेलंस. टूरवाल्यांना मासा वाढला, नाच दाखवला. मग ती म्हातारी गाइड सांगायला लागली, सहाव्या वर्षी सरकारने तिला आईपासून उचलून लांबच्या शाळेत टाकलं, परत आली तर आईला ओळखेना. मी एवढंच म्हटलं, तिला इंग्रजीत सांग, आमच्यातही पोरं आजीकडे ठेवतात, माझी मंजू सहा वर्षं कराडला होती, काही बिघडलं नाही. तू सांगितलं नाहीस. उठून बाहेर गेलीस. चारचौघांत मला लाज आणलीस.

ते जाऊ दे. बाळंत झालीस की बाळ माझ्याकडे पाठव. दोन वर्षं सांभाळते, तू नोकरी कर. लगेच कळव.

लोभ आहेच, कमी करू नकोस.
आई

व्हँकूव्हर,
२० सप्टेंबर १९९४

ती. सौ. आईस शि. सा. न.

बाळ पाठवणार नाही. नोकरी सोडते आहे.

कराडहून मी आठ वर्षांची असताना तुमच्याकडे परत आले. एअरपोर्टवर तू पुढे आलीस. मी आजीने शिकवल्यासारखा वाकून नमस्कार केला आणि विचारलं, तुम्ही माझ्या आईला ओळखता का? तू हे सगळ्यांना हसत सांगतेस. मला कधी हसू आलं नाही. म्हणून त्या बाईंपुढे माझं तोंड उघडेना.

राग धरू नकोस, माया असू दे.
मंजिरी

हाउन्सलो,
९ ऑक्टोबर १९९४

चि. सौ. मंजिरीस अ. आ.

पत्र पोचलं. बाळ पाठवू नकोस.

त्या बाईला सरकारने नेलं. तुला मी माझ्या हाताने नवा फ्रॉक घालून ओळखीच्यांबरोबर विमानात बसवलं. दोघांच्या शिफ्टा होत्या, घरी कोण बघणार? सगळेच असं करायचे. मला त्यात वावगं दिसलं नाही.

हसत सांगते ते अर्धंच. पुढचं कुणाला सांगितलेलं नाही. तू विचारलंस तेव्हा मी म्हटलं, हो, ओळखते, चल, तिच्याकडे नेते. मीच ती, हे तोंडातून निघेना. बसमध्ये तू विचारत होतीस, आई रागीट आहे का, मला ओळखेल का. मी म्हणत होते, ओळखेल. घरी तुझ्या बाबांनी सांगितलं तेव्हा तू त्यांच्या पायामागे लपलीस.

जमला तर लोभ ठेव.
आई