पोटाखालच्या गोळ्यातला माणूस

बाबा, काल इथे राजापेठेत नातवाने मोबाइलवर तुमचं ते विमान दाखवलं. चार इंजिनांचं, अमेरिकन, इंग्लंडातल्या तळांवरून जर्मनीवर बॉम्ब टाकायला जाणारं. पोटाखाली काचेचा गोळा, त्यात बंदूकवाला अंगाचं मुटकुळं करून बसलेला. मी पाहिलं आणि इतक्या वर्षांनी पुन्हा तुमची किळस आली.

हिवरखेडच्या शाळेत तुम्ही चौथीचे मास्तर आणि मी तुमच्याच वर्गात. गणित अर्धवट टाकून तुम्ही सांगायचात, लढाईत मी त्या गोळ्यात बसून उडालो, खाली ढग, वर गोरे साहेब. पोरं आ वासून ऐकायची. अकोल्याच्या पलीकडे तुम्ही कधी गेला नव्हता. एका जुन्या मासिकातलं चित्र, एवढंच तुमचं महायुद्ध.

मग झेंडावंदनाला तेल्हाऱ्याचे ते म्हातारे फौजी आले. लढाईत बंगालच्या तळावर त्यांनी असली विमानं धुतली होती. तुमची कीर्ती ऐकून त्यांनी मायेनेच विचारलं, "मास्तर, त्या गोळ्यात कसे बसत होते, दाखवा बरं पोराईले." तुम्ही खुर्चीवर बसलात, पाय लांब करून, ओट्यावर गप्पा छाटायला बसल्यासारखे. ते हसले. "गुडघे कानापाशी येतात, मास्तर. तुमी त जवळून पाह्यलंबी नाई."

सगळी शाळा बघतेय. तुम्ही उठता, तरातरा माझ्याकडे येता. "मी कवा म्हनलं? या पोट्टीनंच उठवलं हे!" आणि थोबाडीत. वर्षभर तुमच्या तोंडून ऐकणारी पोरं तुमच्या छडीला भिऊन गप्प. नऊ वर्षांच्या मुलीच्या आड लपणारा शूर वीर! घरी आईने विचारलं, "काहून मारलं तिले?" ताटावरून नजर न उचलता तुम्ही वरण मागितलंत.

त्यानंतर तुम्ही कितीतरी वर्षं जगलात, त्या दिवसाबद्दल एक शब्द बोलला नाहीत. मी माफ केलेलं नाही, करणारही नाही.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून सांगते. तुम्ही लढाईला गेलाच नव्हता, हे आईने मला आधीच सांगितलं होतं. तरी त्या सकाळी शाळेच्या फाटकाशी फौजींचा हात धरून मीच म्हणाले होते, "आमचे बाबा त्या विमानात होते." मला ते खरं हवं होतं.