अमृतमहोत्सवाचा अल्बम

अमरावती, गुरुवार

प्रिय भामा,

माझं अक्षर पाहून दचकू नकोस. सहा वर्षांनी भावाचं पत्र म्हणजे कोणीतरी गेलं असणार, असं वाटेल तुला. तसं काही नाही. खरं तर फोनच करणार होतो. तीनदा नंबर लावला आणि रिंग जायच्या आत बंद केला. चार दालमिल उभ्या करणारा पंच्याहत्तर वर्षांचा माणूस सख्ख्या बहिणीशी बोलायला भितो. मला तुझ्या घरी यायचं आहे. पण तो हक्क अजून उरलाय का, ते तूच ठरव, आणि त्याआधी हे सगळं वाच.

इथलं बरं चाललंय. अकोल्याच्या मिल विकल्या, हे पेपरात वाचलं असशील. तुझी विमलवहिनी गेल्यावर त्यात मन लागेना, आणि सौमित्रला त्या कधीच नको होत्या. तो कॅनडात सुखी आहे, दर रविवारी वीस मिनिटं बापाच्या तब्येतीची चौकशी करतो. मिलच्या पैशातून दवाखाना झाला, मुलींचं वसतिगृह झालं, आणि मी दानशूर झालो. आता दर आठवड्याला कुठेतरी शाल आणि नारळ. वऱ्हाडच्या उन्हात म्हाताऱ्या माणसाला शाल पांघरायची कल्पना ज्याची, त्याला एकदा भेटायचं आहे मला. नारळ मैनाबाई घेऊन जाते. ती दोन वेळ स्वयंपाकाला येते आणि भरलेलं ताट उचलताना माझ्यावर खेकसते, "साहेब, काहून जेवून नाही राहिले?" एवढ्या मोठ्या बंगल्यात माझ्यावर रागावणारं तेवढंच एक माणूस आहे. ती गेली की मी टीव्ही लावून ठेवतो, बघत नाही.

भाषणांत मला 'स्वतःच्या हिमतीवर उभा राहिलेला उद्योगपती' म्हणतात आणि मी नंदीबैलासारखी मान डोलावतो. अकोल्याच्या जुन्या शहरात सायकलवर डाळ विकत फिरलो, हे मी शंभरदा सांगितलं असेल. ती डाळ भरडत कोण होतं, हे एकदाही सांगितलं नाही. मोर्णा नदीकाठच्या त्या भाड्याच्या खोलीत तुरीला तेलपाणी चोळायचीस तू, अंगणात वाळवायचीस तू, आणि आईसोबत जात्यावर बसायचीस तीही तूच. फोड आलेले हात तू पदराखाली लपवायचीस, आणि मला ते दिसायचे. सातवीत शाळा सोडलीस तेव्हा मी तोंडदेखलं अडवलं. तू म्हणालीस, "शाळा कुठं पळून नाही चालली दादा, पयले तुयं गिऱ्हाईक पाहाय." भामा, शाळा पळूनच गेली. आज माझ्या वसतिगृहात दोनशे मुली शिकतात. इमारतीला आईचं नाव दिलं. तुझं द्यावं, हे मला सुचलंसुद्धा नाही.

विमल होती तोवर नातं तिनं सांभाळलं. तुझे यजमान गेले तेव्हा मी दिल्लीत सत्कार घेत होतो. ड्रायव्हरच्या हाती हार पाठवला. आणि नंतर ते सोयीनं विसरलो.

गेल्या महिन्यात माझा अमृतमहोत्सव झाला. ट्रस्टचं काम बघणारा रोहित निमंत्रणांची यादी घेऊन आला होता. मंत्री झाले, व्यापारी झाले, मग त्यानं विचारलं, सर, घरची मंडळी कोण कोण? मी कागदांवर सह्या करता करता म्हणालो, घरचं कोणी नाही.

काल त्या कार्यक्रमाचा अल्बम आला. त्या दिवशी माझ्या हस्ते पंच्याहत्तर गरजू बायकांना साड्या वाटल्या होत्या. ते फोटो उलटता उलटता एका बाईवर नजर थांबली. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. ती तू होतीस. न बोलावता, अचलपूरहून एसटीनं आलेली. पत्रिका नाही म्हणून गेटवरच्या माणसांनी तुला त्या रांगेत उभं केलं असेल, आणि 'मी त्यांची बहीण आहे' हे सांगायची तुला लाज वाटली असेल. माझी लाज. फोटोत तू माझ्याकडे पाहून हसते आहेस, आणि मी तुझ्या हातात साडी ठेवतोय, कॅमेऱ्याकडे बघत. पुढच्या फोटोत तू ती साडी मागच्या बाईला देते आहेस. कालपासून हे दोन फोटो समोर घेऊन बसलोय. पुढच्या रविवारी मी एसटीनं येतोय, एकटाच, रिकाम्या हातानं. तू एक शब्द बोलली नाहीस तरी चालेल. मला एकदा तुझ्याकडे नीट बघायचं आहे.

तुझाच,
पुंजादादा