आवाज कुठे ठेवायचा

३ जून
डॉक्टरांनी कॅमेरा घालून घसा दाखवला. स्वरतंतूंवर दोन गाठी, मोहरीएवढ्या. शिकवणं कमी करा म्हणाले. क्लास मेहरूणला घरातच, मुलं दारात उभी, कमी कसं करणार? वर आवाजाच्या थेरपिस्टकडे पाठवलं. तीस वर्षं गाणं शिकवणाऱ्याला आता आवाज शिकवणार!

६ जून
थेरपिस्ट सायली, माझ्या मुलीच्या वयाची. "काका, आवाज कुठून काढता?" मी बेंबीवर हात ठेवला. हसली नाही, एवढं बरं. म्हणे पोटाचा आधार श्वासाला, आवाज घुमतो घशात, तोंडात. ओठ मिटून 'म्म्म' करायला लावलं. नाकाच्या हाडाला मुंग्या.
जन्मभर मी नाकात गाणाऱ्यांवर ओरडलो.

१० जून
दिवसभर म्म्म. सौ. वैतागली. सायलीला विचारलं, हे नाकात गाणंच ना? "नाक चिमटीत धरून 'आ' म्हणा. बदलला आवाज? नाही ना? मग नाकातून नाही." मग मुंग्या कसल्या? "आवाज तिथे पाठवायचा नसतो काका. नीट लागला की तिथे जाणवतो." अर्धं कळलं. गुरुजी म्हणायचे, आवाज कपाळात ठेव. म्हणजे त्यांनाही हेच... की नाही? डोक्याचा पार भुगा.

१४ जून
वैशाली. साक्रीची, इथे मावशीकडे राहून शिकते, यंदा विशारद. वरच्या 'सा'ला मानेच्या शिरा तट्ट. मी सवयीने, "बेंबीतून! जोर लाव!" लावला. आवाज फाटला.
"सर, सकाळी आवाजच निघत नाही."
"कधीपासून?"
"दिवाळीपासून."
"बोलली नाहीस?"
"तुम्हीच म्हणता, घसा दुखला तरच रियाज झाला."
म्हणतो खरा.

१८ जून
तिलाही माझ्या डॉक्टरांकडे नेलं. गाठींची सुरुवात. जोर पूर्ण बंद, परीक्षा यंदा नाही. वडील साक्रीहून आलेले. "भाऊ, पोरना घसा बरा व्हई ना?" होईल म्हटलं. निघताना माझे हात धरून म्हणाले, "तुम्ही व्हतात म्हनीसन येळवर समजनं."
लाज वाटली, तरी जोर मीच लावायला लावला हे सांगितलं नाही.

२० जून
वैशाली आली. तंबोरा लावला नाही. "सर, आता आवाज कुठे ठेवू?"
मला माहीत नाही, म्हटलं. सायलीला विचारू. तुझ्या घशाचं मीच केलं, हेही एकदाचं बोललो.
"मग आतापर्यंत शिकले ते, सर..." एवढंच.
उद्या नेहमीच्या वेळेला ये म्हटलं. हो म्हणाली नाही.