बिडीचा वास

बाबा, माझा खोकला थांबला. हे तुम्हालाच सांगायला हवं, कारण तुमच्या खोकल्यावर मी कधी विश्वास ठेवला नाही.

रक्तदाबाची गोळी सुरू झाली आणि महिन्याभरात घशात खवखव, दिवसभर कोरडा ठसका. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या गोळीनं काहींना असा खोकला येतो, बदलून देते, पण मनानं बंद करू नका. मला त्यांचाही संशय आला, महागडी गोळी गळ्यात मारतात की काय! पण तीन आठवड्यांत ठसका गेला. मग मी तुमची पत्र्याची पेटी उघडली. तळाशी गोळ्यांची अर्धी पट्टी आहे, आणि तिच्यावर माझ्या जुन्या गोळीचंच नाव.

अहेरीचं आपलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे येतं. बिडीचं तेंदूपान खरेदी होतं त्या फडीवर तुम्ही मुंशी, उन्हाळाभर पानांचे पुडके उतरवून घ्यायचात, सदऱ्याला कायम वाळल्या पानांचा वास. माझ्या लेकीच्या बारशाला तुम्ही बिडीचं बंडल चुलीत टाकलंत. त्याच सुमारास दवाखान्यातून रक्तदाबाची गोळी लागली आणि पाठोपाठ खोकला. आई म्हणाली, "मले त टीबीच वाटून राह्यला." थुंकी दोनदा तपासली, साफ निघाली. आईचा जीव भांड्यात पडला, माझा नाही. टीबी नाही म्हणजे चोरून बिडी, हे मी ठरवूनच टाकलं. तुमचे खिसे चाचपले, सायकलची पिशवी उलटी केली, न्हाणीमागे थोटकं शोधली. काही सापडेना, तेव्हा म्हटलं, लपवण्यात पटाईत आहेत.

एका संध्याकाळी तुम्ही फडीवरून येता, पाय धुता आणि नातीकडे हात पसरता. मी तिला मागे ओढते.

"बाबा, बिडी पिऊन लेकराले घेता?"

"नाई व माय, तुयी आन. वास घेऊन पाय ना."

आणि तुम्ही चुलीपुढे वाकून माझ्यासमोर तोंड उघडता. आई बघते आहे, दारात शेजारीण उभी आहे. मी नाक पुढे करते आणि म्हणते, "येऊन राह्यला वास."

त्यानंतर तुम्ही नातीला कधी मागितलं नाही. ती चालायला लागली तेव्हा लांबूनच टाळ्या वाजवल्यात. पुढल्या पावसाळ्यात खोकला अचानक थांबला. मी म्हटलं, सुटली एकदाची बिडी, आणि लेकीला तुमच्या मांडीवर दिलं. महिनाभर तुम्ही तिला खाली ठेवलं नाही. मग अर्धं अंग गेलं, आणि चौथ्या दिवशी तुम्हीही.

ती पट्टी अर्धीच का उरली, बाबा? नातीला घेता यावं म्हणून तुम्ही गोळी सोडलीत का? खोकला गोळीचा आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं, की आपणच ओळखलंत? आता माझा संशय माझ्यावरच फिरला आहे, आणि खात्रीनं सांगणारं कुणी उरलं नाही.

हा कागद त्याच पेटीत, पट्टीखाली ठेवते. लेकीला दाखवणार नाही. त्या संध्याकाळी तुमच्या तोंडाला वास नव्हता, बाबा. मला कळलं होतं.