बाळंतिणीची खुर्ची

२० नोव्हें. ६६, रवि.
खुर्ची परत आली. कोळीवाड्यातली जमनी स्वतः डोक्यावर घेऊन आली. तिच्या सुनेचे चाळीस दिवस भरले. "घे गो बाय तुमची खुर्ची. नातू लय दांडगा हाय माजा."
सासूबाईंनी अंगणात दोनदा धुतली, वर गोमूत्र शिंपडलं. तरी नाक मुरडून, "बोंबलाचा वास काय जात नाय मेला." देताना मात्र कोणाला नाही म्हणायच्या नाहीत. गावात कोणी बाळंत झाली की खुर्ची तिच्या घरी. बैठक बुटकी, पाठ उंच, पाजायला सोयीची. मामंजींनी मिठाच्या खात्यातल्या कुणा गोऱ्या साहेबाच्या लिलावात घेतलेली. नियम एकच. मांडीवर मूल असल्याशिवाय कोणी बसायचं नाही.
मी पुसते फक्त. लग्नाला पाच वर्षं. दोनदा दिवस राहिले, दोनदा गेलं. एकदा तिसऱ्यात, एकदा पाचव्यात.
आता पंधरा दिवस वर झालेत. कोणाला सांगितलेलं नाही. वहीला सांगितलं, बास.

२३ नोव्हें., बुध.
ह्यांचे साहेब नि मेमसाहेब घरी. किल्ला बघायला आले होते, वाटेत चहा. हे नव्या वीजकेंद्राच्या साईटवर, कंत्राटदाराच्या स्टोअरमध्ये दोन वर्षं टेंपररी, त्यामुळे सकाळपासून घरात नुसती धावपळ. कपबशा शेजारून आणल्या.
चहा राहिला बाजूला. मेमसाहेब खुर्चीपुढे सरळ जमिनीवर बसल्या आणि पाठीवरच्या कोरीव कमानीवरून बोट फिरवत राहिल्या. "गॉथिक, गॉथिक." मागितली नाही हो. खरं ते लिहून ठेवते.
मागणारे आमच्याच घरात. पाहुणे गेल्यावर हे म्हणाले, "देऊन टाकू. बाई खूश तर साहेब खूश. परमनंटचं मार्गी लागेल."
सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता, "माजी नाय ती, गावाची हाय. गावाला इचार."
हे सायकल काढून निघून गेले.

२७ नोव्हें., रवि.
मी शिकवते त्या शाळेतले ड्रॉइंगचे सर मुद्दाम खुर्ची बघायला आले. बातमी पोचलेली. सरांना विषय मिळाला की थांबवणं कठीण, पण ऐकायला बरं वाटलं.
गॉथिक म्हणजे, सातआठशे वर्षांपूर्वी फ्रान्सात टोकदार कमानींची देवळं बांधली, जोडलेल्या हातांसारखी. मग ती पद्धत लोक विसरले. जुनाट, रानटी म्हणून नाकं मुरडली. गेल्या शतकात इंग्रजांना पुन्हा वेड लागलं. मुंबईचं मोठं स्टेशन, युनिव्हर्सिटी, सगळीकडे त्याच कमानी. तेवढ्यानं भागेना, मग कपाटं, टेबलं, खुर्च्यासुद्धा. "आपली ही त्या वेडातली. लाकूड शिसवी, म्हणजे इथंच कुणीतरी घडवलेली. ऐंशी वर्षांची असेल. खरी जुनी नव्हे, जुन्याची हौस."
मी विचारलं, पण एवढं आवडतं काय माणसांना तिच्यात? "बाई, बाकीच्या खुर्च्या म्हणतात, टेका. हिच्याकडे बघा. डोळा वरवर चढत जातो, थांबतच नाही."
आणि मग बॉम्ब टाकला. ही बसायची खुर्चीच नव्हे! पाठीकडे तोंड करून बुटक्या बैठकीवर गुडघे टेकायचे, वरच्या पट्टीवर कोपरं ठेवायची आणि प्रार्थना करायची.
सासूबाई पोट धरून हसल्या. "म्हंजे आमी सगळ्या बाया इतकी वर्सं उलट्या बसलो?"
मीही हसले. पुष्कळ दिवसांनी.

३० नोव्हें., बुध.
शाळेला सुट्टी. सासूबाई बाजारात. दाराला कडी घातली.
बसायचं नाही असा नियम आहे. गुडघे टेकायचे नाहीत असं कोणी म्हटलेलं नाही.
टेकले. बैठकीला मधोमध खळगा पडलाय, इतक्या बायकांचा. गुडघे त्यातच गेले. कोपरं वर. कुठला देव, कुठली भाषा, काही सुचेना. शेवटी मोठ्यानं म्हटलं, ह्या वेळी राहू दे. एवढंच.
मग रडू आलं. कडी काढायचं विसरले, सासूबाई बाहेर दार वाजवत होत्या.

६ डिसें., मंगळ.
हे रविवारी जीप आणणार. ठरवूनच टाकलंय. म्हणे मेमसाहेबांना सांगूनही झालं.
मी म्हटलं, नाही द्यायची.
"तुला काय तिचा उपयोग?"
म्हणून बसले, आणि लगेच तोंड उतरलं. वाईट माणूस नाही. साईटवर रोज कोणी ना कोणी कामावरून कमी होतो, त्या धास्तीनं झोप नाही त्यांना. पण शब्द गेला तो गेला.
तेव्हाच सांगायला हवं होतं. मागच्या खेपेला सांगितल्याबरोबर ह्यांनी पेढे वाटले होते. त्या पेढ्यांचा मला अजून राग आहे.

९ डिसें., शुक्र.
शाळेच्या कामाचं सांगून पालघर. लेडी डॉक्टरांनी तपासलं. दोन महिने पूर्ण. मागचं सगळं विचारलं. मग, "एसटीनं आलात? आता अजिबात दगदग नको."
परत मात्र एसटीनंच. दुसरं काय आहे? प्रत्येक खड्ड्याला पोटावर हात. शेजारची बाई बघत होती.
घरी येऊन पाण्याला निघाले. सासूबाईंनी हातातली कळशी काढून घेतली.

११ डिसें., रवि.
जीप दहाला आली. मेमसाहेब नव्हत्या, ड्रायव्हर आणि हे. सोबत सुंभ, गोणपाट. मी माजघरात. ठरवलं काहीच नव्हतं.
हे आत आले आणि मी खुर्चीत बसले. सरळ, पाठ टेकून, रिकाम्या मांडीनं.
"अगं, काय करतेस?"
म्हटलं, दोन महिने झालेत.
हे तसेच उभे. सुंभाची गुंडाळी हातात. बाहेर ड्रायव्हर, "साब, सामान किधर है?" हे बाहेर गेले, जीपमध्ये बसले आणि गेले. साहेबांना काय सांगणार देव जाणे. नोकरी राहते का तेही.
मग भीती वाटली. पाच वर्षं पाळलेला नियम मीच मोडला, तोही आजच. सासूबाईंना म्हटलं, उठू का? त्या उंबऱ्यातच बसून होत्या. "बसलीस ना आता? बस मंग. उठून काय व्हनार हाय?"
वही त्यांनीच आणून दिली.
चार वाजले. हे अजून आलेले नाहीत. कमरेत कळ येते आहे मघापासून. बसून बसून असेल. उठून बघायचं धैर्य होत नाही.