नदीकडच्या आळीचा रंग

३ फेब्रुवारी १९३६, धुळे

हेडमास्तरांनी आज माझ्या गळ्यात नवं लोढणं अडकवलं. म्हणे, नद्या आणि राजधान्या पाठ करून घेणं म्हणजे भूगोल नव्हे! आपल्याच गावाचा भूगोल करा. कोणत्या आळीत माणसं कशी राहतात – पाणी, दिवा, गटार, घरात उजेड – दारोदार विचारून या आणि नकाशा रंगवा. सुखाच्या वस्तीला हिरवा, हालाच्या वस्तीला तांबडा.

पुढचं ऐकून मात्र कान टवकारले. बन्सीलाल शेठ आईच्या नावानं एक नळ बांधून देणार आहेत. नकाशात जी आळी सगळ्यात तांबडी, तिला तो नळ. म्हणजे निदान या वेळी माझ्या भूगोलातून पाणी निघेल.

५ फेब्रुवारी

पेठेत फिरलो. दोन दोन मजली घरं, दाराशी कंदील, गल्लीत नळ. आणि तक्रारी काय! “धार बारीक आहे हो, मास्तर.” “मोलकरणीला रांगेत उभं राहावं लागतं.” “हाल विचारू नका!” बरं, नाही विचारत. पण विचारणं हेच माझं काम. लिहून घेतलं.

९ फेब्रुवारी, रविवार

नदीकडच्या आळीत गेलो. कुडाची घरं, गटार नाही, दिवा नाही. पण माणसं! कोट, पागोटं, छत्री बघून सगळी आळी गोळा झाली. कोपऱ्यावरच्या घरात तानुबाई म्हणून एक विधवा बाई आणि तिचा मुलगा पुना, दोघंच. तिनं घोंगडी टाकली, गुळाचा खडा आणि पाणी दिलं. घरात माणसं किती, वावर किती, पाणी कुठून – एक प्रश्न संपायच्या आत दुसऱ्याचं उत्तर तयार.

“पानीनी काय कमी शे, भाऊ? बठ्ठं भरेल शे.”

शेजारच्या झुंबरबाईचं तेच. मंजुळाबाईचंही तेच. वर तानुबाई म्हणाली, “मना पुना बिडीले हात लावत नही.” आता बिडीचा भूगोलाशी काय संबंध? पण बाईंना वाईट वाटू नये म्हणून मान हलवली.

१२ फेब्रुवारी

नकाशा रंगवला. पेठ तांबडी, नदीकाठ हिरवागार. सुनंदा पोळ्या लाटता लाटता डोकावली नि म्हणाली, “उलटा धरलाय का?”

राग आला. बायकोचा नव्हे, नकाशाचा. बरोबरच बोलली ती.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी नदीवर गेलो. पांझरेत आता नुसती वाळू. बायका वाळूत झिरे खणून बसल्या होत्या. खड्ड्यात पाणी पाझरेपर्यंत थांबायचं, करवंटीनं उपसायचं, हंडा भरायचा, मग दरड चढायची. झुंबरबाई, मंजुळाबाई – सगळ्या तिथेच! तानुबाईनं मला पाहिलं नि पदर ओढून तोंड फिरवलं.

वर गाठलंच तिला. म्हटलं, मला खोटं का सांगितलंत? ती उलट माझ्यावरच उखडली. “बठ्ठं इचारी लिधं, पन आंडेर कोठली शे, ते त सांगा!”

आंडेर म्हणजे मुलगी. मी थक्क! आळीला वाटलं, मी कुणा मुलीच्या बापाकडून घर बघायला आलोय! कोट, पागोटं, छत्री, आणि प्रश्न तरी कोणते – माणसं किती, वावर किती, पाणी कुठून. सोयरिकीला आलेला माणूस नेमकं हेच विचारतो. आळीत लग्नाचे मुलगे चारपाच. म्हणून पाणी भरपूर. म्हणून पुना बिडी ओढत नाही.

रस्ताभर एकटाच हसलो. घरी येऊन सुनंदाला सांगितलं, ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग नकाशा फाडला. नवा काढला. नदीकाठ तांबडा.

२० फेब्रुवारी

तानुबाई शाळेत आली. मुलं बघत होती म्हणून बाहेर चिंचेखाली नेलं. पुनाचं धरणगावच्या जीवराम पाटलाच्या मुलीशी बोलणं चाललंय. पाटील घर बघायला येणार. तोवर मी पाण्याबद्दल अक्षर काढू नये.

“पानी नही तठे आंडेर कोन देस, मास्तर? मांगे एक डाव मोडेल शे.”

मागे एकदा पाहुणे अंगणात असतानाच ती नदीवरून हंडा घेऊन आली होती. पाहुणे चहाला थांबले नाहीत.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मलाही कळतं. पण मूठ झाकून नळ मिळत नाही! मी साफ सांगितलं – खोटा रंग भरणार नाही. ती निघून गेली. वाईट वाटलं. तरी मी बरोबर आहे.

२४ फेब्रुवारी

शेठजींना नकाशा दाखवला. पेठेतल्या मंडळींनी त्यांचे कान आधीच भरलेत. शेठ म्हणाले, “रविवारी मी स्वतः बघतो. डोळ्यांना दिसेल ते खरं.”

उत्तम! मला दुसरं काय हवंय?

१ मार्च, रविवार

काय दिवस उगवला हा.

शेठना घेऊन आळीत पोचलो तर तानुबाईच्या ओट्यावर पाहुणे. जीवराम पाटील, त्यांच्याबरोबर दोघं. आजच! पुना नव्या टोपीत अवघडून बसलेला. तानुबाईनं मला पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला.

शेठ मोठ्यानं बोलणारे. “नळ कुठे बसवायचा ते बघायला आलोय. या आळीत पाणी नाही म्हणतात हे मास्तर.” जीवराम पाटलांनी वर पाहिलं. मग शेठ जोडे काढून सरळ आत. मी मागोमाग, पाटीलही आले.

आत भिंतीला लागून हंडे, घागरी, कळश्या. घासून लख्ख. काठोकाठ भरलेल्या. तांब्या बुडवला तर पाणी बाहेर सांडेल अशा.

शेठ हसले. “मास्तर, तुमचा नकाशा खोटा की माझे डोळे?”

मी खाली वाकलो. हंड्याच्या काठावर नाव कोरलेलं – झुंबरबाई. पुढच्यावर मंजुळाबाई. घागरीवर अभिमन, कळशीवर वना. तानुबाईचा हंडा एकच होता, कोपऱ्यात. सगळ्या आळीनं आपलं पाणी भांड्यांसकट तिच्या घरी आणून ठेवलं होतं. शेजारची घरं त्या वेळी कोरडी असणार.

एक बोट ठेवायचं होतं मला. एकाच नावावर. शेठना वाचता येतं. नळ तिथल्या तिथे मिळाला असता. आणि सोयरीक तिथल्या तिथे मोडली असती.

तानुबाई दारात उभी होती. तिचा हात नुसता चौकटीवर होता.

मी म्हटलं, “माझी चूक झाली असेल, शेठजी.”

२ मार्च

वर्गात पोरांवर उगाच ओरडलो. हेडमास्तर म्हणाले, नकाशा पुन्हा तपासा. तपासतो म्हणालो. उघडला नाही.

१५ मार्च

नळ पेठेत बसला. शेठजींच्या आईचं नाव संगमरवरात. पेढे वाटले. मी घेतला नाही – तर शेजारचे म्हणाले, गोड वर्ज्य आहे का मास्तरांना?

संध्याकाळी तानुबाई घरी आली. सोयरीक ठरली! सुनंदाच्या हातावर साखर ठेवली आणि माझ्या पायाला हात लावायला वाकली. मी मागे सरलो. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. नळ आज ना उद्या दुसरा कुणी देईल, पण लग्न दुसऱ्यांदा मोडलं असतं तर पुनाचं काय झालं असतं? असं मनाला समजावलं. बऱ्यापैकी समजलं.

७ मे

धरणगावला पुनाच्या लग्नाला जाऊन आलो. पंगत उठल्यावर जीवराम पाटलांनी मला विडा दिला नि मांडवाच्या कडेला नेलं. आळीनं एका घरासाठी एवढं केलं, तेव्हाच मुलगी द्यायची ठरवली म्हणाले. मी म्हटलं, काय केलं? तर म्हणाले, “हंडासवरना नाव मीबी वाचात, मास्तर. पन पाव्हनानी कसं बोलानं? माले वाटनं, तुम्ही बोलशात.”